आधी रस्ता ओलांडता येऊ द्या

महोदय,

मी फिजिओथेरपिस्ट. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना ‘चाला’ असे सांगते. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमांची हालचाल सुचवते. पण चालायचे कुठे? पदपथ प्रत्येक फाटकापाशी उतरतो, पुन्हा चढतो; धडधाकट माणूसही मग रस्त्यावरूनच जातो. अनेक ठिकाणी सिग्नलची वेळ सेकंदाला १.२ मीटर चाल धरून ठरवतात. काठी टेकणाऱ्या आजी तेवढ्या वेळात जेमतेम अर्धा रस्ता ओलांडतात! उद्यानांत व्यायामयंत्रे बसवण्याची हौस मला तरी कळत नाही (उद्घाटनाचे फोटो छान येतात, एवढे खरे). त्याऐवजी सलग पदपथ, झाडांची सावली आणि थोड्या थोड्या अंतरावर बाक द्या. बाकांना हात मात्र हवेत. उठताना गुडघ्यावर भार येतो.

– एक फिजिओथेरपिस्ट