रोजनिशीतल्या रटाळ नोंदी

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

नवीन वर्ष लागले की रोजनिशी लिहिण्याचे फायदे सांगणारे लेख ठिकठिकाणी वाचायला मिळतात. मन मोकळे होते, स्वतःशी संवाद घडतो, झोप चांगली लागते, असे त्यांत म्हटलेले असते आणि ते खोटे आहे असे मला म्हणायचे नाही. मात्र नौपाड्यातल्या आमच्या घरी माझ्या वडिलांनी जवळजवळ चाळीस वर्षे जी रोजनिशी लिहिली, तिच्यात मन शोधूनही सापडत नाही. नळाला पाणी किती वाजता आले, दुधाचे किती झाले, कोण येऊन गेले, कोणाला किती उसने दिले, एवढेच. आई त्या वह्यांना 'वाण्याची चोपडी' म्हणत असे आणि मीही तेव्हा तिच्याच बाजूचा होतो.

२६ जुलै २००५ रोजी, म्हणजे सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला त्या दिवशी, मी दादरहून ठाण्यापर्यंत चालत आलो, ही हकिकत मी घरी, कचेरीत आणि लग्नाच्या पंगतीत इतक्या वेळा सांगितली आहे की ती मला स्वतःलाच खरी वाटू लागली होती. वडील गेल्यानंतर वह्या चाळताना त्या मंगळवारचे पान निघाले : "दिवे ४.१० ला गेले. चिरंजीव अद्याप आलेला नाही. फोन लागत नाही." आणि बुधवारी : "चिरंजीव दुपारी १ वाजता आला. घाटकोपरपर्यंत ट्रकने, पुढे चालत. रात्री भांडुपला एका गृहस्थांकडे होता. त्यांनी पिठले-भात व कोरडा सदरा दिला. सदरा धुऊन परत करणे." दादरहून चालणे तर बाजूलाच राहिले, पण ज्यांनी मला रात्री घरात घेतले ते गृहस्थही माझ्या हकिकतीतून केव्हाच गळून पडले होते. सदरा परत गेला की नाही, याची नोंद पुढच्या पानांवर मला मिळाली नाही.

घटना घडली त्याच दिवशी लिहिलेल्या चार ओळींना जे वजन असते ते वीस वर्षांनंतरच्या खात्रीला नसते, हे आपल्या कायद्यानेही मानले आहे. घटनेच्या वेळी किंवा लगेच नंतर स्वतः लिहून ठेवलेला मजकूर पाहून साक्षीदाराला आपली स्मृती ताजी करता येते, अशी तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात होती आणि २०२३ च्या नव्या कायद्यातही ती कायम आहे. आमच्या सोसायटीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची हमी संपली की नाही यावरून वाद पेटला आणि जुनी फाइल कोणालाच सापडेना, तेव्हा त्या काळी खजिनदार असलेल्या वडिलांच्या वहीतली एक ओळ उपयोगी पडली : "गच्चीचे काम आज पुरे. बाकी रु. २२,००० चेकने दिले. हमी दहा वर्षे." हमीला अजून पाच महिने होते. ठेकेदाराने थोडी कुरकुर केली, पण माणसे पाठवली.

'रोजनिशी' हा शब्दही मुळात दप्तरातलाच आहे. फडणवीस, चिटणवीस या पदनामांत जो फारसी 'नवीस' म्हणजे लिहिणारा आहे, त्याच्याच घराण्यातली ही 'निशी'. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले पेशव्यांच्या रोजनिशांतील उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी छापले गेले. त्यांत वसुली, इनामे, किल्ल्यांची व्यवस्था, तंट्यांचे निवाडे असा रोजचा कारभार आहे, आणि तेवढ्यावर अभ्यासकांनी त्या काळचा समाज उभा केला. लंडनच्या सॅम्युअल पीप्सने १६६६ च्या आगीत आपले पार्मेझान चीज बागेत खड्डा खणून पुरल्याचे लिहून ठेवले. आग किती मोठी होती हे इतरांनीही सांगितले आहे, पण घाबरलेला माणूस काय वाचवायला धावतो ते या एका ओळीत दिसते.

हे पत्र लिहिण्याचे निमित्त वेगळेच आहे. दिवाळीच्या आवराआवरीत आमच्याच गल्लीतल्या रद्दीवाल्याकडे कोणाच्या तरी वीसेक डायऱ्या सुतळीने बांधून काट्यावर ठेवलेल्या मी पाहिल्या. विचारीपर्यंत त्या पोत्यात गेल्या होत्या. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, शिवाय लहानमोठी वाचनालये आहेत. सामान्य घरांतल्या अशा रोजनिशा स्वीकारण्यासाठी त्यांपैकी एखाद्या संस्थेने एक कपाट राखून ठेवावे, घरच्यांची इच्छा असेल तर तीस-चाळीस वर्षे ते उघडू नये आणि कोणाची बदनामी होईल अशी पाने देणाऱ्याने आधीच काढून घ्यावीत, अशी माझी विनंती आहे. पाण्याच्या वेळा लिहिलेली पाने मात्र कोणी निरुपयोगी समजून फाडू नयेत.

आपला,
एक वाचक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)