नाव न सांगता गेलेल्यांचे आभार

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या माझ्या समुपदेशन केंद्रात मुलं इंग्रजीत बोलतात, आई-आजी मराठीत. त्यांना दारापर्यंत आणणारे तुम्ही मात्र कधी आत आलाच नाहीत.

सिन्नरहून आलेल्या माउलीला सीबीएस बसस्थानकावरून थेट जिन्यापाशी सोडून भाडं न घेणारे रिक्षावाले काका, मनापासून आभार. दहावीतल्या मुलाच्या वहीत मागच्या पानावर पेन्सिलीने १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लिहून देणाऱ्या बाई, त्याने त्याच रात्री तो नंबर फिरवला. (घरच्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे.) ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेली-मानस ही सरकारी सेवा मोफत, चोवीस तास, मराठीतही मिळते, हे अजून कितीतरी घरांना ठाऊक नाही, याची फार खंत वाटते.

आणि एका मुलीची फी परस्पर भरून गेलात ते तुम्ही, ती आता दर आठवड्याला येते.