पोटावर पिशवी असणाऱ्यांचा ताप

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की आपल्या दैनिकात उन्हाळ्यात घ्यायच्या काळजीची चौकट येते आणि तिच्यात 'भरपूर पाणी प्या' असतेच. आम्हा ग्वाल्हेरकरांना ते सांगायलाही हवे. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पण माझ्या यजमानांसारख्यांना एवढ्याच सल्ल्याने अपाय होऊ शकतो, म्हणून हे पत्र.

अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याच्या आजारामुळे त्यांचे मोठे आतडे काढावे लागले, त्याला चार वर्षे झाली. लहान आतड्याचे तोंड (स्टोमा) पोटावर आणले आहे आणि त्यावर पिशवी लावतात. याला इलिओस्टॉमी म्हणतात. पाणी आणि मीठ शोषून घेणारे मोठे आतडेच नाही, त्यामुळे नुसते पाणी पीत राहिले तर पिशवी अधिकच पातळ भरते आणि अंगातले मीठ तिच्यावाटे निघून जाते. त्यांना ओआरएस घोट घोट घ्यावे लागते.

त्यात हा ताप. वर्षभरात पाच वेळा आला. तिन्हीसांजेला हुडहुडी भरते, भर मे महिन्यात दोन पांघरुणे घालावी लागतात, पारा १०२ वर जातो आणि दोन दिवसांत उतरतो. मग घाम सुटतो आणि घामाने पिशवीची चकती सुटते. रात्री दोन वाजता चादरी बदलायच्या. मलेरिया, डेंग्यू, लघवी, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, सगळे रिपोर्ट चांगले. कारण आजही सापडलेले नाही.

पहिल्या तीन वेळी एका डॉक्टरांनी पिशवीकडे बोट दाखवले. "तिथूनच जंतू जात असणार," म्हणाले आणि काही तपासायच्या आत अँटिबायोटिक सुरू केले. स्टोमाभोवती ना लाली होती, ना पू. यजमान मात्र आपल्याच अस्वच्छतेमुळे ताप येतो असे समजून दिवसातून चार चारदा कातडी घासू लागले, ती सोलवटली. ते आठवले की आजही जीव कळवळतो. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले की अँटिबायोटिक आधी पोटात गेले तर रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, ते वाढतीलच असे नाही. आता ताप चढला की आधी दोन ठिकाणांहून रक्त घेतात, मग औषध.

चौथ्या तापात पिशवी रिकामी करताना सकाळी दिलेली गोळी अख्खीच बाहेर आलेली दिसली, वरची अक्षरेसुद्धा शाबूत. लेप दिलेल्या, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या इलिओस्टॉमीत अशा वाया जाऊ शकतात. औषध लिहून घेताना हे विचारायला हवे, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते.

आता घरात एक वही आहे. तापाची वेळ, पारा, लघवीचा रंग आणि मापाच्या भांड्यात मोजलेले पिशवीतले पाणी तिच्यात लिहिते. दिवसाला दीड लिटरच्या वर गेले, लघवी कमी झाली, चक्कर आली, किंवा पिशवी कोरडी राहून पोट दुखू लागले, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठतो.

पुढच्या चौकटीत एक ओळ वाढवावी, ही विनंती: इलिओस्टॉमी असलेल्यांनी नुसत्या पाण्यावर भागवू नये, ओआरएस किती घ्यावे हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे, किडनीचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर नक्कीच. आणि डॉक्टरमंडळींना हात जोडून सांगणे आहे, पिशवीला दोष देण्याआधी रक्त तपासा.

एक वाचक,
लष्कर, ग्वाल्हेर