आधी हात धू, मग मनूला उचल

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. आईने मोठा करून दाखवला. तू दुरुस्तीला घेतलेली नाव लाकडी घोड्यांवर पालथी घातलेली, निम्म्या बुडाचा रंग निघून प्लायवूड उघडं पडलेलं. काम हाताने केलंय, घाई केलेली नाही, हे बघताक्षणी कळलं. पण त्याच फोटोत उजव्या कोपऱ्यात मनू उभी आहे. अनवाणी, हातात पॉलिश पेपरचा तुकडा. आणि तुझ्या तोंडावर साधा रुमालसुद्धा नाही.

फोनवर हे बोलायला गेलो तर गेल्या वेळेसारखा आवाज चढेल आणि शलाकाला मध्ये पडावं लागेल. म्हणून लिहितो आहे.

नाव सोडून दे असं मी म्हणत नाही. वैशूने तुझ्या कानावर काय घातलंय मला माहीत नाही, पण मी तसं कुणापाशी बोललेलो नाही. बाथरूमची गळती अर्धवट, खिडक्या खरवडायला घेतलेल्या आणि त्यात ही नाव, यावर आई बोलते. मी गप्प बसतो, कारण मला आतून बरं वाटतं. अप्पांची नाव आमच्या डोळ्यांदेखत पावसात कुजली. तिला कुणी हात लावला नाही. तू कुणाची तरी टाकून दिलेली नाव घरी आणलीस.

आणि नावही चांगली निवडलीस. ‘मिरर’ ही शिडाची छोटी नाव 1963 साली आली. जॅक होल्ट हा नावा आखणारा आणि बॅरी बकनेल हा टीव्हीवर घरदुरुस्ती शिकवणारा, अशा दोघांनी मिळून ती काढली. घरच्या माणसाला घरच्या हत्यारांनी बांधता यावी हाच उद्देश. प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने टाचायचे आणि सांध्यांवर राळेत भिजवलेली फायबरग्लासची पट्टी बसवायची. अशा सत्तर हजारांहून जास्त नावा झाल्या. बकनेलने त्या काळी लोकांना जुन्या नक्षीदार दारांवर हार्डबोर्ड ठोकायला लावलं, ते मला कधीच पटलं नाही. पण ही नाव मात्र त्याने भल्यासाठी केली. घर आणि नाव दोन्ही एकाच माणसाच्या हातात असू शकतात, हे तू शलाकाला दाखव हवं तर.

पण आता विचार कर, ती इतकी जुनी नाव. तिच्यावर रंगाचे किती थर असतील, कुणाकुणाच्या हातचे? वरचा पांढरा तू ओळखशील. त्याखालचा निळा, त्याखालचा हिरवा. आणि अगदी तळाशी, लाकडाला चिकटून, विटकरी-नारिंगी झाक दिसली तर तिथेच हात थांबव. तो रेड लेडचा, म्हणजे शिशाच्या लाल भुकटीचा प्रायमर असू शकतो. त्या काळात नावेला तो सर्रास लावत. वरच्या जुन्या रंगांतही शिसं असू शकतं, ते तर नुसत्या डोळ्यांना कळतही नाही. तपासायच्या पट्ट्या बाजारात मिळतात. ब्लेडने लाकडापर्यंत तिरका काप घ्यायचा, म्हणजे सगळे थर उघडे होतात, आणि पट्टी त्यावर घासायची. नुसत्या वरच्या थरावर घासून ‘नाही, शिसं नाही’ म्हणू नकोस.

मी कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये आयुष्य काढलं, हे तुला माहीत आहे. तिथे काय पाहिलं ते मात्र तुला कधी सांगितलं नाही. आमच्या खात्यात एक जोडीदार होता, खरवडण्याच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पुढे पुढे त्याला चहाचा पेला धरता येईना. मनगट वर धरायचा आणि पंजा खाली लोंबायचा, ओल्या फडक्यासारखा. सगळ्यांना वाटलं, नस आखडली असेल. रक्त तपासलं तेव्हा शिसं निघालं. पंजा पडेपर्यंत त्याला बिचाऱ्याला कसलाच त्रास जाणवला नव्हता. याचं हेच वाईट आहे, आधी काही कळत नाही.

तो तर धडधाकट गडी होता. मनू दोन वर्षांची आहे. पोटात गेलेल्या शिशातलं जेवढं मोठ्या माणसाच्या अंगात मुरतं, त्याच्या चार-पाचपट लहान मुलाच्या अंगात मुरतं. रक्तात अमुक इतकं चालतं अशी कुठलीही सुरक्षित मर्यादा नाही. आणि या वयाच्या मुलाला मुद्दाम रंग खावा लागत नाही रे, जमिनीवरची धूळ बोटाला लागते, बोट तोंडात जातं, झालं.

आता एक सांगतो. तू लहान होतास तेव्हा मी कामावरून आलो की तू दारापर्यंत धावत यायचास. मी दोन्ही हात वर करायचो आणि ओरडायचो, ‘लांब हो!’ मग सरळ मागच्या दाराने न्हाणीघरात. कपडे वेगळ्या बादलीत, ते आई बाकीच्या कपड्यांत कधीच धुवायची नाही. डोक्यावरून आंघोळ, नखं ब्रशने घासायची आणि मग बाहेर येऊन तुला घ्यायचं. तोवर तू रुसून माईच्या मागे लपलेला असायचास. शाळेत ‘माझे बाबा’ निबंधात तू लिहिलं होतंस, ‘बाबा घरी आले की पहिल्यांदा रागावतात.’ आईने ती वही अजून ठेवली आहे. मी रागावत नव्हतो समीर. पूर्ण दिवस त्या दाराशी यायच्या क्षणाची वाट बघायचो.

म्हणून म्हणतो, आधी हात धू, मग मनूला उचल. कपडे गॅरेजमध्येच बदल. चपलासुद्धा वेगळ्या ठेव.

लाकडाबद्दल बोलू, तुला त्यात गोडी आहे. टोच्याच्या मुठीने पूर्ण बुडावर टकटक करत जा. चांगलं प्लायवूड टणक वाजतं, कुजलेलं बद्द. शंका आली तिथे टोच्या दाबून बघ, आत सहज गेला तर तेवढा भाग कापूनच काढावा लागेल, वरून राळ ओतून कूज बरी होत नाही. नाव तरंगती ठेवणाऱ्या हवेच्या बंद टाक्यांच्या आतले कोपरे आधी बघ. मालक लोक झाकणं घट्ट लावून नाव ठेवून देतात, आत ओल कोंडते आणि बाहेरून चकचकीत दिसणारी नाव आतून संपते. समुद्राच्या खाऱ्या पाण्याने लाकूड इतकं कुजत नाही, कुजतं ते साठलेल्या पावसाच्या पाण्याने. सांध्यांवरची जुनी पट्टी नखाने उचलून बघ, सुटत असेल तर पूर्ण काढ, अर्धी ठेवून त्यावर नवी चिकटवू नकोस.

ठिगळ लावताना काठ नुसते भिडवू नकोस. ते तिरके तासून जाडीच्या आठपट लांबीचा उतार घे. ‘मिरर’चं प्लायवूड पाच मिलिमीटरचं, म्हणजे चाळीस मिलिमीटरचा उतार. रंधा धारदार हवा आणि घाई अजिबात नको. प्लायवूडच्या थरांच्या रेघा एकमेकींना समांतर, सरळ दिसायला लागल्या की उतार बरोबर आला समज. तुझा हात चांगला आहे. बापूंच्या कपाटाचा खण तू बसवलास तेव्हाच मी आईला म्हणालो होतो. तुझ्यासमोर म्हणालो नाही एवढंच.

इपॉक्सी, म्हणजे चिकटवायची राळ, थोडी थोडी कालव. खोल डब्यात जास्त कालवलीस तर ती स्वतःच तापते, धूर सोडते, डबा वितळतो. पसरट ताटलीत ओत. वाळल्यावर तिच्यावर मेणचट थर येतो, तो पाण्याने धुऊन मगच घास, नाहीतर रंग धरत नाही. उन्हाने ती खराब होते, म्हणून वरून रंग किंवा वॉर्निश लागणारच. हातमोजे घाल. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की जन्मभर जात नाही, मग नावेचं कामच बंद. आणि अर्धवट वाळलेली इपॉक्सी घासू नकोस, तिची धूळ तर

बघ, पुन्हा धुळीवर आलो. लाकडाबद्दल लिहायचं ठरवलं होतं.

आता आलोच आहे तर पूर्ण लिहून टाकतो, मग पुन्हा काढणार नाही. शिशाचा संशय असेल तिथे सँडर, म्हणजे घासायचं विजेचं यंत्र, लावायचा नाही. हाताने, पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून घास. विजेच्या सँडरवर पाणी मारायचं नाही हे तुला सांगायला नको. गरम हवेच्या हॉट गनने रंग जाळून काढू नकोस, शिशाचा धूर धुळीपेक्षा वाईट. स्ट्रिपर, म्हणजे रंग काढायचं रसायन, लावून रंग मऊ करून खरवडलेला बरा, तोही दार उघडं ठेवून. कापडी मास्क कामाचा नाही. धुळीचा फिल्टर वेगळा, वासाचा वेगळा, पाकिटावर बघून घे. आणि दाढी. दाढीवर मास्क बसत नाही, कडेने धूळ आत जाते. खाली प्लास्टिक अंथर, ओल्या फडक्याने गोळा कर, झाडू मारू नकोस. साधा व्हॅक्यूम तर बारीक धूळ मागून पुन्हा खोलीत सोडतो.

हे वाचून तू म्हणशील, बाबांनी पुन्हा सेफ्टीचं लेक्चर दिलं. दिलं खरं. तू चाळिशीला आलास, तुझं घर, तुझी मुलगी. माझा जीव राहत नाही. माफ कर आणि तरी मास्क आण.

घराचंही तेच आहे, हे शलाकाशी बोल. तुझं घरही नावेइतकंच जुनं. खिडक्यांच्या चौकटींवरही तसेच थर असणार आणि तूच म्हणालास की नावेचा सँडर तू खिडक्यांनाही वापरतोस. नावेची धूळ निदान गॅरेजमध्ये राहते, खिडकीची सरळ पलंगावर पडते. पट्टी तिथेही घासून बघ.

कामांचा क्रम विचारला होतास. मला वाटतं गळती आधी. पाणी रात्रीही काम करतं, सुट्टी घेत नाही, आणि भिंतीत गेलेली ओल पुढच्या तीन कामांचा खर्च वाढवते. नाव कोरडी असली, पालथी असली, टाक्यांची झाकणं उघडी असली की ती पूर्ण पावसाळा वाट बघेल, तिचं काही बिघडत नाही. खिडक्या मधे घे, पण मनूला घेऊन शलाका दोन दिवस बाहेर असेल तेव्हाच. एक काम संपवून दुसरं घे असं मात्र मी म्हणणार नाही. बाथरूमचा गिलावा वाळत असतो तेव्हा माणसाने काय करायचं? तेव्हा नावेपाशी जावं. दिवसभर टाइलशी झटापट केल्यावर संध्याकाळी लाकडाला हात लावायला मिळाला तर माणूस शांत झोपतो, हे आईला पटत नाही, मला पटतं.

मनूला नावेपासून तोडू नकोस एवढं मात्र ऐक. घासणं, खरवडणं संपलं, धुऊन पुसून झालं, नवा प्रायमर चढला की तिच्या हातात छोटा ब्रश दे. तिला आत्ता पाठवून देताना माझ्यासारखा ओरडू नकोस. तिला सांग का ते. दोन वर्षांच्या मुलीला काय कळणार असं वाटेल, पण सांग.

पट्टीचं काय निघालं ते लगेच कळव, चांगलं निघालं तरी कळव. शिसं निघालं तर मनूचं रक्त तपासून घ्या, तुझंही. शलाकाला घाबरवू नकोस, पण लपवूही नकोस.

आईचे आशीर्वाद. वैशूला मी बोलतो.

तुझा,
बाबा

ता. क. – लाल शीड मशीनमध्ये घालू नकोस. मोठ्या टबात कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि वाळवायचं सावलीत. शिवणीचा दोरा बोटाने ओढून बघ, कापड चांगलं असलं तरी दोरा उन्हाने आधी जातो. आणि नव्या मास्कचा फोटो पाठव, तोंडावर लावलेला.