पाककृतींत मिठाचेही माप द्यावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत हल्ली प्रथिनयुक्त पाककृती नियमाने येतात आणि प्रत्येकीखाली माणशी किती ग्रॅम प्रथिने मिळतील तेही छापलेले असते. मिठापुढे मात्र ‘चवीनुसार’ एवढाच शब्द असतो. गेल्या वर्षी माझ्या यजमानांना रक्तदाबामुळे मीठ कमी करण्यास आणि वाढत्या वयात स्नायू झिजू नयेत म्हणून प्रथिने वाढवण्यास डॉक्टरांनी सांगितले, तेव्हापासून हा शब्द मला रोज अडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ व्यक्तीने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा मीठ खावे. या हिशेबाने चौघांच्या घरात मिठाची एक किलोची पिशवी निदान 50 दिवस पुरायला हवी. आमच्याकडे ती महिन्याभरात संपत असे, आणि लोणचे-पापड त्याखेरीज.

वास्तविक आपल्या स्वयंपाकघरातील प्रथिने मुळात अळणीच आहेत. 100 ग्रॅम मूगडाळीत सुमारे 24 ग्रॅम प्रथिने असतात आणि सोडियम, म्हणजे मिठातला रक्तदाब वाढवणारा घटक, अगदी नगण्य. मटकी, कुळीथ, तूर, सोयाबीनच्या वड्या यांचेही तेच. दोन अंड्यांतून सुमारे 12 ग्रॅम प्रथिने मिळतात आणि सोडियम 140 मिलिग्रॅमच्या आसपास, तर एका सपाट चमचा मिठात ते 2,000 मिलिग्रॅमच्या वर असते. घरी दूध फाडून केलेले पनीर, साधे फुटाणे, ताजा बांगडा हे सगळे चालते. पण फुटाण्यांऐवजी खारे शेंगदाणे, पनीरऐवजी चीज किंवा ताज्याऐवजी खारवलेला बांगडा घेतला की हिशेब बिघडतो. उडदाच्या पापडात मिठाबरोबर पापडखार असतो आणि बेसनाच्या झटपट ढोकळ्यात खाण्याचा सोडा. तेही सोडियमच, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आम्ही मटकीची उसळ मिठाशिवाय शिजवू लागलो. आमसूल, ओले खोबरे आणि भरपूर कोथिंबीर घालायची, गॅसवरून उतरवल्यावर मोजलेले मीठ वरून पेरायचे आणि पानात लिंबू पिळायचे. वर पेरलेले मीठ जिभेला लगेच कळते, त्यामुळे थोडे पुरते. ताकात मिठाऐवजी भाजलेल्या जिऱ्याची पूड घालतो. पहिले दोन-तीन आठवडे यजमानांचे जेवण कमी झाले, याचे मला फार वाईट वाटे, पण पुढे जीभ सरावली आणि आता बाहेरची उसळ त्यांना खारट लागते.

सैंधव वापरल्याने सोडियम टळते हा समज चुकीचा आहे, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. बाजारातील कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तर प्रथिने किती घ्यावीत हेही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

पाकीटबंद पदार्थांवर सोडियमचे प्रमाण छापणे नियमानेच बंधनकारक आहे. तेव्हा आपल्या पाककृतींतही ‘चौघांसाठी पाऊण चमचा मीठ’ असे नेमके माप द्यावे, आणि सोडा किंवा खार वापरला असल्यास प्रथिनांच्या आकड्याशेजारीच तसे नमूद करावे, अशी कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, सातारा