यादवांचा इतिहास एका पानात?

मा. संपादक,
पोराच्या पुस्तकात देवगिरीचे यादव एका पानात उरकलेत, १२९६ ला अलाउद्दीन आला, रामदेवराय हरला, संपलं. म्हणून रविवारी त्याला इथल्याच खोलेश्वर मंदिरात नेलं. खोलेश्वर म्हणजे यादव राजा सिंघणदेवाचा सेनापती, त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत पडला अन् बहीण लक्ष्मीनं भावाच्या आठवणीत मंदिर बांधलं, हे सगळं तिथल्या शिलालेखात आहे. पोरगं अक्षरांवरून बोट फिरवत म्हणालं, बाबा हे तर देवनागरीच दिसतंय की! (भाषा संस्कृत, माझीच बोंब.) शेजारी साधा मराठी अर्थाचा बोर्ड लावायला कितीक खर्च येतो हो? शाळांच्या सहली मात्र वॉटरपार्कला.
- एक पालक, अंबाजोगाई