आधी विजेच्या साठवणीला पैसा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अणुऊर्जा की सौरऊर्जा, या वादावर आपल्या अंकात दोन्ही बाजूंची पत्रे येत आहेत. सरकारी तिजोरीतला पैसा नेमका कुठे अडला आहे आणि कुठे लागला पाहिजे, हा मुद्दा त्यात मागे पडतो, म्हणून लिहितो.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपयांची घोषणा झाली. २०३३ पर्यंत अशा किमान पाच स्वदेशी भट्ट्या आणि २०४७ पर्यंत १०० गिगावॉट (१ गिगावॉट म्हणजे १,००० मेगावॉट) अणुवीज, असे उद्दिष्ट आहे. २०२५ साली आपली क्षमता ९ गिगावॉटच्याही आत होती. गुजरातमधल्या काक्रापारच्या प्रत्येकी ७०० मेगावॉटच्या दोन भट्ट्या आपल्याच अभियंत्यांनी उभ्या केल्या आणि त्या चालू आहेत. अशा भट्ट्यांना जरूर पैसा द्यावा. कोळसा जाळण्यापेक्षा त्या केव्हाही बऱ्या.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरच्या नियोजित अणुप्रकल्पाचे मात्र मला पटत नाही. तिथे फ्रेंच बनावटीच्या सहा प्रचंड भट्ट्या बसवायच्या आहेत. त्याच बनावटीची फ्रान्समधली फ्लामनव्हिलची भट्टी २००७ मध्ये बांधायला घेतली, तेव्हा खर्चाचा अंदाज ३.३ अब्ज युरो होता. ती ग्रिडला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये आणि खर्च गेला १३ अब्ज युरोंच्या वर. बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या देशात ही गत, तर जैतापूर प्रकल्पाच्या जागी, माडबनच्या सड्यावर काय होईल? तो बोजा वीजबिलातून नाहीतर करातून आपल्याच माथी येणार.

सौर पॅनेलला आता सरकारी टेकूची पूर्वीइतकी गरज उरलेली नाही. राजस्थानात भडला येथे २०१७ मध्येच युनिटला २.४४ रुपये दराने बोली लागली होती. आमच्याकडे शेतीचे फीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्या, सौर विजेवर जाऊ लागले, तशी काही गावांना दिवसा थ्री फेज मिळू लागली. ज्यांना अजून रात्रपाळीच आहे, ते थंडीत गव्हाला पाणी द्यायला मध्यरात्री उठतात. एका हातात फावडे, दुसऱ्यात बॅटरी आणि शेजारच्या उसात बिबट्या. घरातली माणसे ते परत येईपर्यंत जागी असतात. दिवसाच्या विजेचे मोल त्यांना विचारा.

अडचण आहे ती दिवस मावळल्यावर. घरोघरी दिवे-पंखे लागतात, मागणी चढते आणि नेमके तेव्हाच पॅनेल थंडावतात. मग पुन्हा कोळसा. उलट २०२५ मध्ये राजस्थानात वीज दूरवर नेणाऱ्या पारेषण वाहिन्या अपुऱ्या पडल्याने भर दिवसा तयार होणारी सौर वीज नाकारावी लागली.

यावरचा एक उपाय आमच्या अकोले तालुक्यातच आहे. घाटघरला वरच्या धरणातले पाणी कोकणाच्या अंगाला सोडून भूमिगत वीजघरात १२५ मेगावॉटचे दोन संच चालवतात आणि तेच पाणी शिल्लक विजेवर पुन्हा वर चढवतात. मूळ कल्पना रात्रीच्या शिल्लक विजेची होती. आता दुपारच्या सौर विजेवर पाणी चढवावे आणि संध्याकाळी सोडावे. चढवायला लागते त्यातली साधारण चौथाई वीज परत मिळत नाही, हे खरे. पण संध्याकाळच्या विजेसाठी ती किंमत परवडते.

असे प्रकल्प उभारायला वर्षानुवर्षे लागतात, परतावा उशिरा येतो, त्यामुळे खासगी कंपन्या हमीशिवाय पुढे सरत नाहीत. घाटघर सरकारनेच जपानी कर्ज घेऊन बांधले. सार्वजनिक पैसा लागतो तो इथे. बॅटरी साठवणीसाठी केंद्राने २०२३ मध्ये ३,७६० कोटी मंजूर केले, नंतर त्यात भर पडली. तरी गरजेच्या मानाने ते तुटपुंजेच आहे. एक अट मात्र हवी. सह्याद्रीत जिथे जिथे अशी धरणे आखली जात आहेत, तिथल्या आदिवासी ग्रामसभांची संमती आधी घ्यावी. जमीन आणि जंगल त्यांचे जाणार आणि उजेड शहरात पडणार, हे पुन्हा होता कामा नये.

येत्या अर्थसंकल्पात साठवण आणि पारेषण यांसाठी किमान २०,००० कोटींची स्वतंत्र तरतूद व्हावी आणि जैतापूरच्या विजेचा प्रतियुनिट दर अंतिम करारावर सही होण्याआधी संसदेत मांडला जावा. आपल्या भागातल्या खासदारांनी या दोन मागण्या लावून धराव्यात, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. अकोले, जि. अहिल्यानगर